सेंट हेलेना बघायला एवढं लांब जावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. ३१ वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला, मागच्या वर्षी रिटायर झाले. नेपोलियनचा धडा संपताना दरवेळी 'सेंट हेलेना बेटावर कैदेत त्याचा मृत्यू झाला' हे वाक्य यायचं आणि बेल व्हायची. ते बेट बघायचं डोक्यात बसलंय. मुलगा म्हणतो तेवढ्या पैशात युरोपचे पाच-सहा देश होतील, तिथे एका थडग्यापलीकडे आहे काय? तुम्ही जाऊन आलायत, खरं सांगा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : बाई, जा. दक्षिण अटलांटिकमधल्या इंग्रजांच्या या बेटावर मी २०१९ मध्ये गेले होते आणि अजून ते बेट मनातून जात नाही.

थडग्यात तर काहीच नाही, १८४० मध्येच फ्रेंचांनी त्याला पॅरिसला नेलं. कुंपणाच्या आत एक कोरी फरशी आहे. नाव नाही, कारण फ्रेंच म्हणाले नुसतं 'नेपोलियन' लिहा, इंग्रज गव्हर्नर अडून बसला की 'बोनापार्ट' पण हवं, आणि ते मिटलंच नाही. जवळच झरा आहे, त्याचंच पाणी तो मागवून प्यायचा. मी तिथे बराच वेळ बसले, ओली माती, झाडांची सावली, आणि वर लाँगवूडला त्याचं घर, जिथे जवळजवळ साडेपाच वर्षं तो राहिला. १८१५ ते १८२१ हे आकडे आपण फळ्यावर लिहितो, पण तिथे बसल्यावर कळतं की एवढ्या समुद्रात एक दिवस ढकलणं म्हणजे काय.

बेट केवढं, तर १२२ चौरस किलोमीटर, माणसं साडेचार हजारांच्या आसपास, आफ्रिकेचा किनारा जवळजवळ दोन हजार किलोमीटर. २०१७ पर्यंत प्रवासी विमानच नव्हतं, केपटाऊनहून बोटीने पाच दिवस लागायचे. आता जोहान्सबर्गहून विमान जातं, पण कड्याजवळच्या धावपट्टीवर वारा कधी कसा फिरेल सांगता येत नाही. माझं परतीचं विमान धुक्यामुळे दोन दिवस लांबलं. घरी आई आजारी, तेव्हा इंटरनेट सॅटेलाइटवरचं आणि भयंकर महाग, मी रडवेली झालेले. ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाईंनी समोर प्लो ठेवला (एकाच भांड्यात शिजवलेला मसाल्याचा भात, नाव ऐकून तुम्हाला पुलावच आठवेल) आणि शांतपणे सांगितलं, त्यांची आई गेली तेव्हा त्या अटलांटिकमधल्याच असेन्शन बेटावर नोकरीला होत्या, बोट मिळून घरी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बेटावरच्या किती घरांतली माणसं अशी असेन्शन नाहीतर फॉकलंडला कामाला असतात. मग त्या उठल्या आणि माझ्या ताटात अजून एक डाव वाढला. लांब म्हणजे काय ते मला त्या डावाने कळलं.

आणि बाई, तुम्ही इतिहासाच्या, तर हे तुम्हाला सांगायलाच हवं. या बेटावर राहिलेला पहिला माणूस गोव्याहून आलेला. फर्नांव लोपिश नावाचा पोर्तुगीज सैनिक, गोव्यात आपली बाजू सोडून आदिलशाहीकडे गेला, १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने त्याचं नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापायला लावला. पोर्तुगालला परत जाताना जहाज इथे थांबलं, तर हा उतरून रानात लपला. तसल्या तोंडाने घरी काय जायचं! एका जहाजावरून पाण्यात पडलेला कोंबडा त्याने वाचवला, तो कोंबडाच त्याचा सोबती. पुढे राजाने बोलावलं, रोमला जाऊन पोपला भेटला, माफी मिळाली, आणि तरी परत बेटावरच आला, १५४५ च्या सुमारास तिथेच गेला. एकाला तिथे कोंडून ठेवलं आणि दुसऱ्याने सुटका मिळूनही तीच जागा मागितली, हे मला जेम्सटाऊन या राजधानीच्या गावात डोंगरावर चढणाऱ्या ६९९ पायऱ्यांखाली उभं राहून सारखं आठवत होतं.

जोनाथनला नक्की भेटा. गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारातलं महाकाय कासव, जन्म अंदाजे १८३२ चा. मोतीबिंदूमुळे दिसत नाही, वासही येत नाही, पण माणसाच्या आवाजाकडे मान वळवतो.

युरोप छानच आहे, पण तिथे दिवसाला एक गाव करत पळावं लागतं. इथे समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून हात उचलून ओळख देतो, चौथ्या दिवशी तुमचाही हात आपोआप वर जातो.

बाकी कामाचं : मेडिकल इन्शुरन्स लागतोच आणि त्यात आजारपणात विमानाने बाहेर हलवायचा खर्च धरलेला हवा, आपल्या वयाला हे नीट वाचून घ्या. ताजी फळं, भाज्या, बिया, मध बरोबर नेऊ नका, तपासणी कडक आहे. रोख पाउंड ठेवा. आणि जोहान्सबर्गहून मुंबईचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका, मध्ये निदान दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.