पतंगाची (कीटकाची) नवी जात सापडलीय असं वाटतंय? घाई नको

अभिनंदन! पण नावाचा विचार सगळ्यात शेवटी.

पंखांवरचे खवले झडले की ओळखीचा पतंगही अनोळखी दिसतो. अशाच एका टकल्या नमुन्यावर मी महिना घालवलाय. म्हणून आधी ब्रिटिश कीटकतज्ज्ञ हॅम्पसनचे भारतातल्या पतंगांवरचे १८९२ ते १८९६ मधले चार खंड आणि नंतरचे शोधनिबंध चाळा.

- नुसत्या फोटोवर विसंबू नका. खरा फरक बहुधा जननेंद्रियांत असतो. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये (एक दाहक रसायन) मऊ करून ती सोडवतात. पहिल्यांदा जाणकाराशेजारी बसूनच करा.
- प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी हवीच: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, संग्राहक. ‘आंबोली’ एवढंच पुरत नाही.
- वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यातून काही उचलू नका.

ज्यावरून नव्या जातीचं वर्णन केलं तो मूळ नमुना घरच्या पेटीत ठेवायचा नसतो, झेडएसआयसारख्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) अधिकृत संग्रहात द्यायचा. डीएनएचं नंतर बघू.