पाऊस लागला की खटका पडतो

प्रश्न : आमचं कौलारू घर रत्नागिरीजवळ आहे. रात्री पाऊस जोरात लागला की आमच्याच घरातली लाईट जाते, शेजारी असते. बोर्डातला रुंद खटका, ‘टी’ लिहिलेलं बटण असलेला, पडलेला असतो. दुपारी ऊन आलं की वर राहतो. वायरमन येतो तेव्हा सगळं सुरळीत. आता तो म्हणतो, ‘हा काढून लाईन डायरेक्ट करून देतो.’ घरात मी आणि सासूबाई दोघीच. करून घेऊ का?

उत्तर : नाही ताई, करू देऊ नका. 34 वर्षं वायरिंग केलं. सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, एका घरी मीही असं ‘डायरेक्ट’ करून दिलं होतं. पुढल्याच महिन्यात त्यांच्या न्हाणीतल्या नळाला झिणझिण्या येऊ लागल्या. जाऊन परत बसवून आलो, पैसे न घेता.

तुमचा तो खटका म्हणजे ईएलसीबी. नव्या खोक्यावर आरसीसीबी लिहिलेलं असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच ती बघते. मधेच ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की पडते. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरची असते, म्हणजे तेवढा करंट गळेपर्यंत ती पडतेच, आणि 9 वॅटचा एलईडी बल्बसुद्धा 40च्या आसपास घेतो. तेव्हा जरासं पाणी शिरलं तरी ती पडणारच.

पावसातच पडते म्हणजे पाणी बाहेरच कुठेतरी शिरतंय. फाटकावरचा दिवा, बेलचं बटण, पडवीतला प्लग, पंपाची जोडणी. माझ्या घरी दोन पावसाळे हाच त्रास होता. पंप तपासला, गीझर खोलला. निघालं काय, तर माळ्यावर वाशावरून नेलेल्या वायरला टेप गुंडाळून दिलेला जोड, आणि बरोबर त्याच्या वर फुटलेलं कौल. टेप मीच गुंडाळली होती!

ही चोरी दुपारी सापडत नाही, पाऊस चालू असतानाच पकडायची. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, बॅटरी सासूबाईंच्या हाती. बोर्डावरच पाणी ओघळत असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र हात लावू नका. एरवी बारीक खटके, म्हणजे एमसीबी, सगळ्या खाली करा, प्लग काढा, मग ईएलसीबी वर करा. राहिली तर एकेक एमसीबी वर करत चला. जिच्यासरशी ईएलसीबी पडेल ती लाईन गळतेय. तेवढी खाली ठेवून बाकीचं घर चालू करा आणि झोपा. सकाळी ओल असतानाच वायरमनला बोलवा, येताना मेगर, म्हणजे वायरीतली गळती तपासायचं यंत्र, घेऊन ये म्हणावं. नुसता टेस्टर लावून हे कळत नाही.

सगळ्या एमसीबी खाली असूनही ईएलसीबी पडली तर ती बिघडली असं लगेच ठरवू नका. साध्या एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो कुठे अर्थिंगला टेकला असेल तरी ती पडते. मग न्यूट्रल एकेक सुटा करून शोधावं लागतं. ते काम वायरमनचं. ती रात्र कंदिलावर काढा.

आणि ‘टी’चं बटण महिन्यातून एकदा लाईट असताना दाबा. खटका पडला नाही तर ईएलसीबी बदला.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट आहे. गीझर चालू असताना इस्त्री आणि किटली लावली की थोड्या वेळाने 16ची एमसीबी पडते. 32ची बसवू का?

उत्तर : शॉर्ट असतं तर लावल्या क्षणी पडली असती. थोड्या वेळाने पडते म्हणजे लोड जास्त. गीझर 2000 वॅट, किटली 1500, इस्त्री 1000 धरली तर साडेएकोणीस अँपिअर होतात, आणि तुमची एमसीबी 16 अँपिअरची. एमसीबी 32ची केलीत तरी भिंतीतली वायर तीच राहणार; ती तापेल आणि एमसीबी बघत बसेल. गीझरला बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढून घ्या. तोवर आंघोळी उरकल्यावर इस्त्री करा.