एक्सपीला डिस्क दिसत नाही म्हणून फॉरमॅट करू नका

मालक, तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात जेकार्ड डिझाइनचा, म्हणजे मागावर विणायची नक्षी बनवायचा, कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे. जुनी डिझाइनं ठेवलेली नवीन 4 टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावली की घड्याळाशेजारी हिरवा बाण येतो, पण माय कॉम्प्युटरमध्ये डिस्क काही दिसत नाही. आणि ओळखीचा एक जण म्हणतोय, ‘क्लीन मारून फॉरमॅट करू.’

त्याला आधी थांबवा. क्लीन ही डिस्क पुसायची कमांड, ती मारली की पार्टिशनच, म्हणजे डिस्कवरची विभागणीच, उडते. मग जुनी डिझाइनं शोधत बसाल.

बाण येतोय म्हणजे यूएसबी आणि केबल ठीक आहेत. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून मॅनेज, मग डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ असं दिसलं तर विषयच संपला. जीपीटी म्हणजे डिस्कची विभागणी लिहून ठेवायची नवी पद्धत. 2 टीबीच्या वरच्या डिस्कला बहुतेक वेळा जीपीटी पार्टिशन असतं आणि 32 बिट एक्सपीला ते वाचताच येत नाही. ड्रायव्हर बदला नाहीतर पोर्ट बदला, काडीचा फरक पडणार नाही. डिस्क मात्र ठणठणीत आहे.

ड्राइव्हचं अक्षर आलं आणि उघडताना ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा संशय एक्सफॅटचा, म्हणजे डिस्क ज्या नव्या फॉरमॅटमध्ये आहे त्याचा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये एक्सपीला अपडेट दिला होता, सर्व्हिस पॅक 2 किंवा 3 असेल तर चालतो. पण तिथेही ‘नो’च दाबायचं. आणि डिस्क टकटक आवाज करत सारखी बंद-चालू होत असेल तर आधी सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावून बघा. पुढच्या पोर्टची वायर लांब आणि जुनी, करंट कमी पडतो.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर 4 टीबी त्या मशीनला दाखवायची गरजच नाही. डिझाइनच्या बिटमॅप फायली लहान असतात. ऑफिसच्या विंडोज 10 वर डिस्क लावा, हवी तेवढी डिझाइनं 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या, तो फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. एक्सपी तो मुकाट्याने वाचतो. फक्त एक फाइल 4 जीबीच्या आत हवी, तुमची एवढी मोठी नसणारच. पोर्ट यूएसबी 1.1 चं निघालं तर 1 जीबीला पंधरा-वीस मिनिटं जातील. चहा घेऊन या.

कॉम्प्युटरच बदला असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) प्रिंटर पोर्टचा असेल तर नव्या मशीनवर लावायला जागाच नसते. पण एक्सपीचे अपडेट 2014 ला बंद झाले, तेव्हा त्याला नेट देऊ नका, आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह ऑफिसच्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय त्यात घालू नका.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय दिसतं त्याचा फोटो टाका, पुढचं सांगतो.