झाड वाचवायचं तर आधी ते मोजून घे

अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडचं जुनं झाड तोडायचं घाटतंय हे कळलं, आणि ते वाचवायला इतकी माणसं एकत्र आली याचा फार आनंद झाला. पण ही माया आता कागदावर यायला हवी. सर्वात आधी तोडायला निघालेल्यांकडून त्याचं कारण लेखी मागून घे. ‘धोकादायक आहे’, ‘बांधकामाच्या आड येतं’, ‘मुळांनी भिंत फुटली’ या तिन्हींची उत्तरं निराळी आहेत. कारण न कळता लिहिलेली हरकत भलत्याच मुद्द्यावर भांडत बसते.

मग टेप घेऊन जा. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोज. उतार असेल तर चढाकडच्या जमिनीपासून. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, आणि व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखून ठेवतात. घेर ३७७ सेंटिमीटर भरला तर व्यास १२०, म्हणजे चहूबाजूंनी १४.४ मीटर. हे वर्तुळ जमिनीवर फक्कीने आख आणि वरून फोटो काढ.

एवढं मोठं वर्तुळ का हवं, हे पटवून देणंच सर्वात अवघड जातं, कारण मुळं खोलवर असतात असा समज आहे. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच पसरलेली असतात. पाइपसाठी खणलेला साधा चर त्या बाजूची मुळं तोडून टाकतो. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंडा सुकू लागतो, आणि तोवर चर सगळे विसरलेले असतात. म्हणून नुसतं ‘काम थांबवा’ लिहू नकोस. ‘पाइप मुळांच्या खालून, आडवं भोक पाडून न्या’ असं लिही.

‘पोकळ आहे’ एवढ्यावर झाड तोडायला देऊ नकोस. कुजलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडतं. अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हे हजारो ओंडके चिरून दाखवलं. क्लाउस मॅटहेक या जर्मन शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या ०.३ पट तरी हवी. आपल्या उदाहरणात बुंध्याची त्रिज्या ६०, म्हणजे जाडी १८ सेंटिमीटर. पोकळी एका बाजूने उघडी असेल तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ध्वनिलहरींनी आतली स्थिती तपासता येते. ती तपासणी वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घे.

खरा धोका दिसला तर तो लपवू नकोस. कललेल्या झाडाच्या मागच्या बाजूला मातीत ताजी भेग, बुंध्याशी उगवलेल्या बुरशीच्या कडक छत्र्या, हल्लीच वाढलेला कल, ही वाईट लक्षणं. तरीही तोडणं हा शेवटचा उपाय आहे. वाळक्या फांद्या काढता येतात, जड फांद्यांची टोकं कमी करता येतात, केबलचा आधार देता येतो, खालची बाकं आणि पार्किंग हलवता येतं. सरसकट शेंडा छाटायला मात्र ठाम नकार दे. त्या जखमा कुजतात आणि नव्या फुटव्यांची पकड कच्ची राहते. पुनर्रोपणाच्या आश्वासनावरही लगेच हो म्हणू नकोस. इतक्या जुन्या झाडाची बहुतेक मुळं मागेच राहतात.

आणि आपल्या माणसांनाही सांग: फलक खिळ्यांनी ठोकू नका, दिव्यांच्या तारा आवळून बांधू नका, बुंध्याभोवती मातीचा भराव किंवा सिमेंटचा ओटा घालू नका, त्याने मुळांची हवा तुटते. पालापाचोळ्याचा ५ ते १० सेंटिमीटरचा थर चालेल, फक्त तो सालीला टेकता कामा नये.