वटवाघळाला 'वाहक' म्हणावं का, आणि स्पिलओव्हरला मराठीत काय?

प्रश्न असा आलाय की आरोग्यविषयक माहितीपत्रकात "वटवाघळं निपाहची वाहक असून ती हा रोग पसरवतात" असं वाक्य घातलंय, ते बरोबर आहे का, 'वटवाघूळजन्य' चालेल का आणि स्पिलओव्हरला, म्हणजे प्राण्यातला विषाणू माणसात येण्याला, मराठीत काय म्हणायचं.

'जन्य'चं आधी उरकतो. जलजन्य, कीटकजन्य, प्राणिजन्य हे शब्द सरकारी आरोग्य खात्यापासून पेपरांपर्यंत रुळलेत, त्याच धर्तीवर वटवाघूळजन्य म्हणायला काहीच हरकत नाही.

खरी अडचण 'वाहक'ची आहे, कारण मराठीत हा एकच शब्द आपण तीन ठिकाणी वापरतो. डेंग्यूचा डास वाहक, टायफॉइडचे जंतू अंगात असूनही ठणठणीत फिरणारा माणूसही वाहक, आणि थॅलेसेमियाचा दोष जनुकात असलेले आईवडीलही वाहकच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्यांदा डास येतो, म्हणजे एकाला चावून विषाणू घेतला आणि दुसऱ्याला चावून दिला. वटवाघळाचं तसं नाहीये. निपाहचा विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, ती त्याने सहसा आजारी पडत नाहीत, आणि त्यांच्या लाळेतून, मूत्रातून तो अधूनमधून बाहेर पडतो. म्हणून मी इथे 'आश्रयदाता' किंवा 'मूळ यजमान' लिहीन. रेबीजचं वेगळं, तिथे वटवाघूळ स्वतःही आजारी पडतं आणि चावल्यानेच लागण होते, उत्तर-दक्षिण अमेरिकेत हे होतं, तिथे 'वाहक' म्हटलं तर मला खटकणार नाही.

आता स्पिलओव्हर. 'प्रजाती-उल्लंघन' वगैरे वाचलंय, पण ते कुणाच्या तोंडी बसणार नाही. आपल्याकडे तयार शब्द आहे, शिरकाव. विषाणूचा माणसात शिरकाव झाला, संपलं. आणि त्याच्या पुढची पायरी, म्हणजे माणसाकडून माणसाला लागण, तो फैलाव. हे दोन शब्द वेगळे ठेवले की तुमच्या वाक्यातलं 'पसरवतात' का चुकीचं ते आपोआप दिसतं.

मलेशियात 1998-99 ला काय झालं बघा. डुकरांच्या फार्मला लागूनच फळझाडं, त्यावर वटवाघळं यायची, त्यांची उष्टी फळं खाली पडायची ती डुकरं खायची. (उष्टं हा शब्द इथे किती नेमका बसतो, लाळ लागलेलं हे त्यात आलंच, वेगळं सांगावं लागत नाही.) डुकरांत साथ आली आणि त्यांच्याकडून ती सांभाळणाऱ्या माणसांना लागण झाली, शंभरावर लोक दगावले, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. बांगलादेशात मधे डुक्कर नाही. तिथे हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं लावतात, वटवाघूळ येऊन ती खाच चाटतं, कधी मडक्यात मुततं, आणि सकाळी तोच रस लोक न उकळता पितात. त्यावर उपायही साधा निघाला, खाचेवर आणि मडक्यावर बांबूची चटई बांधायची म्हणजे वटवाघूळ पोचतच नाही.

हा झाला शिरकाव. फैलाव बघायचा तर केरळात कोझिकोडला 2018 मधे पहिल्या रुग्णाकडून बाकीच्या बहुतेकांना लागण झाली ती हॉस्पिटलमधे, जवळून सेवा करताना, खोकल्याच्या तुषारांतून. वटवाघळाचा त्या टप्प्याशी काही संबंध उरलेला नव्हता, तिथे मास्क, ग्लोव्हज, वेगळी खोली आणि संपर्कातल्या लोकांचा शोध हेच कामाचं.

मी शब्दावर एवढा अडून बसलोय कारण 'वटवाघळं रोग पसरवतात' वाचलं की लोक झाडं तोडायला आणि वटवाघळं मारायला निघतात. युगांडातल्या किटाका खाणीत 2007 मधे कामगारांना मारबर्ग या वटवाघळांतच राहणाऱ्या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूची लागण झाली, नंतर तिथली हजारो वटवाघळं मारून टाकली. काही वर्षांनी खाणीत वटवाघळं परत आली तेव्हा त्यांच्यात विषाणूचं प्रमाण आधीपेक्षा जास्त सापडलं, आणि 2012 मधे त्या भागात माणसांना पुन्हा मारबर्ग झाला. जुनी, प्रतिकारशक्ती आलेली वटवाघळं गेली आणि त्यांच्या जागी लागण व्हायला मोकळी अशी नवी आली, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: "निपाहचा विषाणू फळखाऊ वटवाघळांच्या आश्रयाने राहतो. त्यांच्या उष्ट्या फळांतून, उघड्यावरच्या कच्च्या रसातून किंवा आजारी जनावरांकडून त्याचा माणसात शिरकाव होतो आणि पुढे रुग्णाच्या निकट संपर्कातून फैलाव होऊ शकतो." थोडं लांबलं खरं, पण यातल्या प्रत्येक तुकड्यावर वाचणाऱ्याला काहीतरी करता येतं, फळ कुरतडलेलं असेल तर टाकून देता येतं, रस उकळता येतो. जागा कमी असेल तर 'आजारी जनावरांकडून' गाळा, 'शिरकाव' आणि 'फैलाव' मात्र दोन्ही ठेवा.