हिरवी ट्यूब घरीच ठेव

अनेक आशीर्वाद.

महाबळेश्वरच्या रानाचं तुझं चित्र दोन दिवस समोर ठेवून पाहिलं. जांभळीच्या वाकड्या खोडांचा तोल तू नेमका पकडला आहेस. अडलंय ते हिरव्यापाशी. सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन थेट ट्यूबमधून लावलेस ना? त्यामुळे पानं खोडांपासून सुटी पडली आहेत, एकाच रानातली वाटत नाहीत.

पुढच्या वेळी चारच रंग ने: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळा नको. निळा आणि सिएना मिसळलेस की जवळजवळ काळाच होतो. त्यात निळा वाढव, दमट सावली मिळेल. सिएना वाढव, उन्हाकडच्या खोडाची ऊब येईल. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावानं ओळखली जाणारी ऑकर, लाल, काळा, पांढरा ही चार रंगांची पॅलेट हल्ली बरेच जण वापरतात. चेहऱ्यांना ती फार शोभते, तिच्यात काळा-ऑकर मिळून शेवाळी हिरवाही होतो. पण दरीतला निळसर धूसरपणा तिच्यातून काढणं कठीण, म्हणून रानात मी ती नेत नाही.

ऑकरमध्ये निळा अगदी थोडाथोडा घाल. जो हिरवा होईल तो पॅलेटवर मळका दिसेल, तू घाबरशील. घाबरू नकोस. शेजारी सिएनाचा तांबूस राखाडी लाव आणि मग पाहा, तोच पानासारखा हिरवा दिसू लागतो. हे मला कळायला फार वर्षं लागली. तोवर पान फिकं दिसलं की मी नवी ट्यूब विकत आणायचो.

आधी कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला सिएना फिरवून चिंधीनं पुसून घे. डोळे बारीक करून गडद भाग शोध, ते पातळच ठेव. जवसाचं तेल वरच्या थरांत वाढवत ने, खालचा थर जास्त तेलकट झाला तर वरचा पुढे तडकतो. जाड रंग फक्त उजेडाला. पानांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे मात्र मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद लाव. तू ते पांढरेशुभ्र ठेवलेस, म्हणून फांद्यांत कागदाचे कपटे अडकल्यासारखे दिसतात. लांबच्या झाडांत पांढरा आणि निळा मिसळ, कडा बोटानं पुसट कर.

फाल्गुन-चैत्रात कुसुमाच्या झाडाला तांबडी पालवी फुटते. ती रंगवायला याच चार ट्यूबा घेऊन जा. तिथे सिएनाला काय काय जमतं ते दिसेल. बोर्ड लहान ने, दहा बाय बारा इंचांचा. सकाळी आठला बस आणि दहाला थांब, कारण तोवर सावल्या सरकलेल्या असतात. अर्धवट राहिलं तरी तसंच मला पाठव.