चेक म्हणजे शह

प्रश्न असा आलाय : ‘बँकेचा चेक, शर्टावरचे चेक्स आणि “चेक करून सांगतो” यातला चेक हा एकच शब्द की तीन निराळे? आणि चेक करणे याला मराठीत काय म्हणावं?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यानं माझं डोकं फिरतं. परवा दुकानातला पोरगा म्हणाला, ‘काका, एकदा चेकिंग करून चेक करतो.’ अरे, काय करतोस नक्की? आमच्या घरी आमटीचं मीठ चाखायचे, भाताचं शीत दाबून बघायचे, आंबा हुंगायचे, रुपया वाजवून घ्यायचे, सोनं कसाला लावायचे, हिशेब ताडून पाहायचे. वैद्य नाडी बघायचा, मास्तर वह्या तपासायचे. आता आंबाही चेक आणि नाडीही चेक. तेव्हा ‘चेक करणे’ला एकच एक मराठी शब्द मागू नका. काय चेक करताय ते सांगा, क्रियापद हजर आहे.

आता खरी गंमत. शब्द एकच आहे, आणि त्याचं मूळ इंग्रजीत नाहीच. आपण बुद्धिबळाच्या पटावर ‘शह’ म्हणतो ना, तोच हा. फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ म्हणून बजावायचं. हा खेळ चतुरंग नावानं इथून इराणात गेला, तिथून अरबांकडे, मग युरोपात. वाटेत शाहचा लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’, आणि इंग्रजांनी पुढचं शेपूट छाटून ‘चेक’ केला. त्याच एस्चेकच्या अनेकवचनातून खेळाचं नाव ‘चेस’ आलं.

शह बसला की बाकीचे बेत जागच्या जागी थांबतात, आधी राजा सांभाळावा लागतो. म्हणून चेकचा पटाबाहेरचा जुना अर्थ अडवणं, रोखणं. रोखण्यातून ताबा आला, ताब्यातून पडताळणी. आपल्याकडे तो जुना अर्थ जिवंत आहे तो चेकनाक्यावर. मुंबईची जकात 2017 मध्ये गेली, तरी मुलुंड-दहिसरचे चेकनाके लोकांच्या तोंडून गेले नाहीत. तिथे ट्रक आधी अडायचा, मग तपासला जायचा. शब्दाचा सगळा प्रवास त्या एका दांडीखाली! माझं तर म्हणणं आहे की इंग्रजीतल्या ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ला नागरिकशास्त्राच्या पुस्तकी मराठीत ‘नियंत्रण व संतुलन’ म्हणण्यापेक्षा सरळ ‘शह-काटशह’ म्हणावं. लोक हसतात. हसू देत.

शर्टाचं सोपं आहे. पट चौकड्यांचा, म्हणून तसल्या कापडालाही तेच नाव. (चौकडीचा शर्ट म्हणायला जीभ का अडते, देव जाणे.) पण या चौकड्यांनी इंग्लंडात एक मोठं काम केलं. बाराव्या शतकात राजाच्या खजिन्याचा हिशेब एका मेजावर होत असे. खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं त्याचं वर्णनच लिहून ठेवलंय : सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ, आणि वर रेघा असलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे शिक्षाच, म्हणून पेनी, शिलिंग, पौंड यांच्या रकान्यांत सोंगट्या सरकवायच्या. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला वसुली घेऊन आलेला शेरीफ, म्हणजे परगण्याचा राजाचा अधिकारी. ही पटावरची लढाईच, असं तो स्वतःच म्हणतो. त्या कापडावरून खात्याचं नाव पडलं ‘एक्सचेकर’, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सलर ऑफ दि एक्सचेकर’ म्हणवतो.

बँकेच्या चेकपाशी आलं की हमखास कुणीतरी विद्वान उठतो : ‘हा अरबी सक्क, फारसी चक!’ सक्क म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी; ती होती, व्यापारी ती वापरत, सगळं मान्य. पण नुसत्या आवाजावरून नातं जुळवायचं तर शहाणा आणि शहामृग यांनाही शाहचे पाहुणे करा. (शहाणा संस्कृत ‘सज्ञान’चा, आणि शहामृग म्हणजे फारसी ‘शुतुरमुर्ग’, उंटपक्षी.) अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत चेक म्हणत ते पैशाच्या कागदाला नव्हे, त्याच्या मागे राहणाऱ्या स्थळप्रतीला. ती जुळवून बघितली की खोटेपणा तिथेच अडायचा. पुढे नाव अख्ख्या कागदाला चिकटलं. इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेलं, अमेरिकेनं साधंच ठेवलं. तिकडे हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात, त्यामुळे न्यू जर्सीचा भाचा पुण्यात वेटरला ‘चेक आणा’ म्हणाला तेव्हा वेटरनं शांतपणे ‘यूपीआय चालेल’ असं सांगितलं.

‘शहमात म्हणजे राजा मेला’ असं सांगणाऱ्यांचाही मला राग येतो. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, हे खरं. पण पटावर राजा कधी मरतो का? फारसी ‘मात’ म्हणजे हतबल झालेला, आणि मला तेच पटतं. आपणही अडचणींवर मात करतो, अडचणींचा खून पाडत नाही.

आणि शाह कुठून आला? जुन्या फारसीतल्या ‘क्षायथिय’वरून, म्हणजे राज्य करणारा. संस्कृत ‘क्षत्र’ त्याच कुळातला. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ज्याचं नाव कोरलंय तो नहपान क्षत्रप, त्यातला क्षत्रप (म्हणजे सुभेदार) हा शब्दही तिथलाच. म्हणजे क्षत्रप, पातशहा, शह आणि तुमच्या पाकिटातलं ते चेकबुक, सगळी एकाच घरची माणसं.

चेक प्रजासत्ताकातले चेक मात्र यात नाहीत. ते स्लाव भाषेतलं निराळं नाव आहे, त्यांना यात ओढू नका.